पहिल्या फेरीचा पीळ

किनवटची सोजर भीमपूरला नांदायला आली त्याच वर्षी, छप्पन साली, मुलखाची वाटणी झाली. किनवट मुंबई राज्यात गेलं, भीमपूर आंध्रात. सासू मथुराबाईच्या हाती आयतंच कोलीत आलं. सोजरच्या वडिलांना दम्यानं धरलंय, लेकीला बघायचं म्हणतात, आठ दिवसांनी भाऊ न्यायला येतोय, असा निरोप आला. त्यावर सासू म्हणाली, "तुहं माहेर आता परमुलखात गेलं. आंधी तुह्या मामाजीची लोकरीची टोपी पुरी कर, येणीच्या नक्षीची. बिनचूक झाली तं जाय भावासंगं."

सासऱ्यांची ही वेणीच्या नक्षीची टोपी गोल विणायची. टाके तीन सुयांवर वाटायचे आणि चौथीनं विणत जायचं. गोल जोडताना काठ सुईभोवती एकदा जरी उलटला, तर सगळ्या टोपीला पीळ बसतो आणि उसवण्यावाचून इलाज नसतो. हे सोजरला कोणी सांगितलंच नव्हतं. काठ वाकडा दिसतोय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मथुराबाईनं तो नीट निरखून पाहिला.

"येणीनं आखडते तो," ती म्हणाली. "इणत राय."

पोरगी आठ दिवस दुपारची पाठ न टेकता विणत राहिली. भाऊ बाबाराव बैलांची दमणी घेऊन दारात आला, तेव्हा तिचं गाठोडंही बांधून तयार होतं. मथुराबाईनं टोपी घेतली आणि सगळ्यांसमोर काठ फिरवून दाखवला. "पयल्याच फेरीत पीळ हाये. उसव."

बाबाराव एकटाच परतला. पाचव्या दिवशी वडील गेल्याचा निरोप आला. सोजरला रडू आलं नाही, नुसता संताप आला. अशा सासूला काय म्हणावं? गावानं तर तिला शिस्तीची म्हटलं.

वीस वर्षांनी मथुराबाईचे डोळे गेले. पौषाच्या थंडीत कुडकुडत ती म्हणाली, "सोजर, डोकं गारठून राह्यलं वं. टोपी इणून दे."

सोजर लगेच विणायला बसली, तिच्या उशाशीच. चार बोटं विणून झालं की म्हणायची, "पीळ पडला, आत्याबाई," आणि उसवायची. असं चारदा झालं. पाचव्यांदा म्हातारीनं टोपी मागून घेतली आणि काठावरून सावकाश बोटं फिरवली.

"सोजर, काठ तं सरळ हाये."

"हाये," सोजर म्हणाली. तिनं सुया उपसल्या आणि म्हातारीच्या हातातच धागा ओढायला सुरुवात केली.