तळहाताएवढी जागा

गाडीच्या वॅक्सचा डबा उघडला की त्या मेणचट वासासरशी मला खापरखेड्याच्या क्वार्टरसमोरची दसऱ्याची सकाळ आठवते आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. बहीण त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी गाडी चालवत मौद्याला ड्युटीवर निघणार होती. बाबांनी उजाडल्यापासून गाडीवरची वीज केंद्राची राख धुऊन, वॅक्स लावून, मऊ फडक्याने घासून बॉनेटचा नुसता आरसा केला होता. आई पूजेचं ताट घेऊन आली, ओल्या कुंकवात बोट बुडवून स्वस्तिक काढू लागली, पण त्या गुळगुळीत मेणावर कुंकू टिकेचना. थेंब थेंब होऊन बंपरकडे ओघळलं. तिने पुसून पुन्हा काढलं, पुन्हा तेच. “आज गाडी नको नेऊ वं,” आईचा आवाज बदलला. “मले उशीर होऊन राहिला, आई,” बहीण किल्ली बोटावर फिरवत म्हणाली. मी उगाच फाटकापर्यंत जाऊन आलो. बाबा घरात गेले. आतून भांड्यांचा साबण घेऊन आले आणि सकाळभर चमकवलेल्या बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढी जागा घासघासून पार निस्तेज करून टाकली. “काढ आता,” ते म्हणाले. स्वस्तिक उमटलं, गाडी गेली, आणि तिचा पोचल्याचा फोन येईपर्यंत घरात कोणी जेवलं नाही. आता मुलीच्या गाडीला वॅक्स लावताना मी तेवढी जागा मुद्दाम सोडतो. “बाबा, इथं राहिलं नं,” ती बोट दाखवते. मी फडकं झटकतो आणि फोन चार्ज केला का, एवढंच विचारतो.