नुसतं विचारलं तर बॅनर लागला

भावनाची चूक एवढीच झाली की तिने जेवताना विचारलं.

बाळकुमच्या आनंदा भोईरांच्या घरात जेवणाच्या वेळी काही विचारायचं नसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ताटात मासळी असली की आनंदाशेठचं मन इतकं मोठं होतं की तोंडातून 'हो'शिवाय दुसरं काही बाहेरच पडत नाही. तरीही तिने मान खाली घालून विचारून टाकलं, "पप्पा, मी कॉलेज सोडू का? फुल टाइम गाणंच करू का?"

बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. तिला वाटलं होतं, बाप खवळेल. 'शिकली नाहीस तर पुढं काय करशील' वगैरे काहीतरी ऐकवेल. मग आपण भांडू, रडू, आणि त्या भांडणातून आपल्यालाच कळेल की आपल्याला नक्की काय हवंय. कारण ते तिला खरंच कळत नव्हतं.

"सोड की!" आनंदाशेठ बोलले. "कुनी अडवलंय तुला?" आणि त्यांनी बोंबलाची दुसरी तुकडी उचलली. झालं. पोरीच्या आयुष्याचा निकाल एका बोंबलात लागला.

मुळात हे सगळं सुरू झालं विकीच्या बहिणीच्या हळदीला. विकी हा भावनाचा चुलतभाऊ. आगरी घरात लग्नापेक्षा हळद मोठी, आणि त्या हळदीला ठरवलेला गायक वेळेवर आलाच नाही. बेंजोवाली पोरं नुसती वाजवून वाजवून कंटाळली, तेव्हा भावनाने माइक घेतला. तिची आजी, सखुबाई, पंचक्रोशीतली धवलारीण. मांडवात नवरा-नवरीला हळद लावताना जे धवले म्हणतात, ते म्हणण्यात तिचा जन्म गेलेला. त्यातल्याच एका धवल्याची चार कडवी भावनाने बेंजोच्या ठेक्यावर म्हटली. विकीने ती मोबाइलवर रेकॉर्ड करून सगळीकडे टाकली आणि आठवडाभरात कल्याण-डोंबिवलीकडच्या गावांतून हळदींच्या सुपाऱ्या यायला लागल्या. पोरीला कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर तिलाही बरं वाटलं. यात तिचं चुकलं कुठे?

जेवणाच्या त्या प्रसंगानंतर दोन-तीन दिवसांनी ती रिक्षाने कॉलेजला निघाली होती. माजिवड्याला भोईरांचे स्वतःचे गाळे आहेत. त्या गाळ्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बॅनर लागला होता.

'बाळकुमची शान, आगरी कोकिळा, कु. भावना आनंदा भोईर हिने शिक्षणाला रामराम ठोकून गायन क्षेत्रात पदार्पण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

भावनाने कपाळाला हात लावला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवरीने होकारही दिला नव्हता. बॅनरवर मधोमध होते आनंदाशेठ, कानाला मोबाइल लावलेले, जणू दिल्लीहून फोन आलाय. खाली शुभेच्छुक म्हणून चार काका आणि गॉगल घातलेला विकी. आणि एका कोपऱ्यात भावना. फोटो दहावीच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा.

कॉलेजात हेमा मॅडम दारातच भेटल्या. त्या अकाउंट्स शिकवायच्या. "अभिनंदन हं," त्या म्हणाल्या. "येताना वाचलं. दाखला न्यायला कधी येतेस?"

"मॅडम, माझं अजून काहीच ठरलेलं नाहीये."

"अगं, पण बॅनर लागलाय ना?"

दिवसभर तेच. बँकेतल्या माणसाने अभिनंदन केलं, रिक्षावाल्याने केलं, भाजीवालीने तर 'बरं केलंस गो, शिकून कुनाचं भलं झालंय' असा आशीर्वादही दिला. संध्याकाळी तिने विकीला गाठलं आणि बॅनर काढायला सांगितलं. विकी असा बघायला लागला, जणू तिने गावदेवीचं देऊळ पाडायला सांगितलं.

"येडी झालीस काय? काकांनी स्वतः उभं राहून लावलाय. आता उतरवला तर लोकांना वाटेल घरात कोनतरी गेलं. तू टेन्शन नको घेऊस ना, तू गा बिनधास्त."

म्हणून ती गायली. दुसरं करणार काय होती? त्या आठवड्यात आंबिवलीजवळच्या एका गावात हळद होती. चार कडवी झाली, पोरं ओरडली, 'वन्स मोर!' पुन्हा चार कडवी. पुन्हा तेच. घसा बसला तरी पोरांचं 'तोच, तोच!' संपेना. शेवटी मांडवातून एक म्हातारी उठून जवळ आली आणि म्हणाली, "पोरी, आता पुढचा बोल. नवरीला हलद लावाची हाय, आमी कवाच्या थांबलोय."

पुढचं भावनाला येत नव्हतं. चार कडव्यांच्या पुढे धवला केवढा आहे, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. हातात माइक धरून ती उभी राहिली, आणि त्या म्हातारीनेच मग बिनमाइकाने पुढचा धवला धरला. भावनाला इतकी लाज वाटली की ती जेवायलाही थांबली नाही.

सकाळी ती सखुबाईपुढे जाऊन बसली. "आजी, मला आख्खा धवला शिकव."

सखुबाई आधीच त्या स्पीकरवर, बेंजोवर आणि एकूणच कलियुगावर चिडलेली. "मना कशाला विचारतेस? तुझ्या बापाला विचार. शिकायच्या आदीच त्यानं तुला मोठी करून टांगलीय. चार कडव्यांत हलद लागत नाय गो, नुसता कालवा होतो."

भावना तशीच उठली आणि ओटीवर गेली. आनंदाशेठ पेपर वाचत होते.

"पप्पा, बॅनर उतरवा."

"बॅनर उतरवत नसतात, गो. नाक कापलं जाईल."

"मग मी विचारलं तेव्हा 'नाही' का नाही म्हणालात? एकदा तरी नाही म्हणायचं होतं! दुसऱ्यांचे बाप ओरडतात, अडवतात, दारं लावून घेतात. माझ्याच नशिबी असला बाप कसा आला?"

आनंदाशेठनी पेपर खाली ठेवला. मग बोलले ते पेपराकडे बघतच.

"मी बेंजो वाजवायचो. तुला ठाव नसंल. शाळा सोडून बेंजो पार्टीत वाजवायला जायचं होतं. माझा बाप मिठागरावरून आला, एकच शब्द बोलला, 'नाय.' बेंजो उचलला न् खाडीत टाकला. तवापासून ठरवलं होतं, आपल्या पोरांना तो शब्द बोलायचा नाय."

भावनाला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून आणखीच राग आला. भांडण ऐन रंगात असताना माणसाने असं काही सांगू नये.

"पण पप्पा," ती म्हणाली, "आजोबांनी तुम्हाला न विचारता नाही म्हटलं. तुम्ही मला न विचारता हो म्हटलं. मला काय हवंय, ते तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

आनंदाशेठना हे लागलं. ते पेपर बाजूला सारून तिच्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "काय पायजे तुला?"

"बारावी द्यायचीय. गाणं मी सोडणार नाही, पण आधी आख्खा धवला शिकणार. चार कडव्यांवर मला कोकिळा व्हायचं नाहीये." बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. हे तिला त्या दिवशी जेवताना माहीत नव्हतं, आत्ता भांडताना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षाने निघाली, तर माजिवड्याला गाळ्यांपुढे ही गर्दी. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात साखळी घालून आनंदाशेठ स्वतः शिडीवर चढले होते आणि सुरीने बॅनरच्या दोऱ्या कापत होते. खाली विकी शिडी धरून उभा, गॉगल लावून, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा थाटात.

"काय शेठ, झालं काय?" पानवाल्याने विचारलं.

आनंदाशेठनी शिडीवरूनच सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "काय नाय. पोरगी 'नाय' बोलली."

भावनाने रिक्षावाल्याला थांबू नको म्हणून सांगितलं, कारण तिला भर रस्त्यात रडायचं नव्हतं.

तो बॅनर आता गच्चीवर आहे. सखुबाईने तो पालथा घालून त्यावर मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्यात, त्यामुळे आगरी कोकिळा आणि चारही काका मिरच्यांखाली आहेत. भावना तिथेच सावलीत अकाउंट्सचं पुस्तक घेऊन बसते. ताळेबंद जुळला नाही की वैतागून पुस्तक मिटते आणि आजीबरोबर सातवं कडवं म्हणते. तेही अजून नीट येत नाही, आणि सखुबाई त्यावरून बोलायची काही सोडत नाही.

परवा जेवताना ती चुकून पुन्हा म्हणाली, "पप्पा, परीक्षेनंतर मी..."

आनंदाशेठच्या तोंडात घास होता. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, सावकाश घास गिळला, पाणी प्यायलं.

"आदी तू सांग," ते म्हणाले, "तुला काय वाटतं?"