कुंकवाचा तडा

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात क्रेनचा गर्डर, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, तपासायला मी वर चढलो, तेव्हा दसरा नुकताच झाला होता. रोजच्या उचल-ठेवीनं लोखंडही थकतं. जोडाशी केसासारखा तडा जातो आणि हळूहळू वाढत राहतो. तो शोधायला आम्ही जोडावर लाल रंग फवारतो, पुसतो आणि वर पांढरी पावडर मारतो. तड्यात मुरलेला रंग रेघ होऊन उमटतो.

पहिल्याच जोडावर अशी ठसठशीत रेघ उमटली, की क्रेन पुन्हा सुरूच करू नका, असं मी वरूनच ओरडलो. कारखान्याचे शेठ धापा टाकत शिडी चढून आले. सगळा अनुभव पणाला लावून मी त्यांना तडा दाखवला. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, वास घेतला. खंडेनवमीच्या पूजेला त्यांनीच तेलात कालवून बोटानं ओढलेलं कुंकू होतं ते. जोड आधी घासून साफ करावा, हा या कामातला पहिला धडा. मी तो इतरांना शिकवतोसुद्धा.

खाली हशा पिकला. पंचाईत अशी, की पुढच्याच जोडावर खरा तडा निघाला.

"ह्याला बी ओवाळायचं का?" शेठ म्हणाले.

मी जोड घासला, पुसला, नव्यानं रंग मारला. रेघ त्याच जागी, तेवढीच. मग शेठनी वाकून रेघ नीट बघितली. माल अडकला होता. क्रेन आज चालवायची की न्हाई, एवढंच सांगा म्हणाले. मी हिशेब मांडला. दिसला तेवढाच तडा धरला नाही. माझ्या नजरेतून सुटला असेल तेवढा आणखी आहे, असंच धरलं. तरी सुटीच्या दिवशी दुरुस्ती होईपर्यंत अर्ध्या वजनावर गर्डर टिकत होता. रोज तडा मोजायचा, जरा वाढला की क्रेन बंद. मी ठणकावून तसं सांगितलं.

त्याच गर्डरखाली लटकलेल्या केबिनमध्ये बसून क्रेन चालवणारे चाचा हे सगळं ऐकत होते.

"बराबर हाय साब," ते म्हणाले. "मंग पहिल्या फेरीला तुमीबी बसा की माझ्यापाशी."

बसलो. सळयांचा भारा अलगद उचलला गेला. दुरुस्तीपर्यंत तडा सूतभरही वाढला नाही. फेरीभर मी डोळे मिटून होतो ते भट्टीच्या धगीमुळे. चाचांनी खाली उतरून सगळ्यांना वेगळंच कारण सांगितलं.