देवीसाठी उचललेली प्लेट

घराला कुलूप लावून जिना उतरले की मला हमखास वाटतं, गॅस बंद केला का? मग परत वर जायचं, बघायचं, पुन्हा उतरायचं. नवरा म्हणतो, "तुला कुलूप पुरत नाही, वॉचमनच ठेवायला हवा." म्हणू दे. तो कॉम्प्युटरवर काम करतो, चुकलं तर पडद्यावर लाल अक्षरं येतात आणि हा चहा प्यायला जातो. मी ज्या कामात पडले तिथं चुकलं तर बोट जातं.

आता माझ्यासारखी भित्री बाई या कामात पडलीच कशी? मूळची मी मिरजेकडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लगेच लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले, मुलगी झाली. मुलगी शाळेत रमली तेव्हा मी कपाटातलं सर्टिफिकेट बाहेर काढलं आणि अक्षरशः रडले. कुठंही अर्ज केला की एकच प्रश्न, "मधली इतकी वर्षं काय केलंत?" काय केलं म्हणजे? संसार केला! शेवटी मेटगळ्ळीत, कारखान्यांच्या भागात, एका ट्रेनिंग सेंटरचा बोर्ड दिसला. तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं, आणि त्यांना हुकूम सोडणारा छोटा कॉम्प्युटर, हे सगळं तिथं शिकवत होते. नाव घातलं. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अक्का करून टाकलं.

पहिल्याच आठवड्यात मी दिवे लावले. हवा चालू असतानाच एक निळी नळी उपसली. ती सापासारखी उसळली आणि फाडकन माझ्या भुवईवर बसली. डोळा थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून माझं ताक फुंकून पिणं सुरू झालं. कशालाही हात लावायच्या आधी मुख्य कॉक बंद केला का, दाबाचा काटा शून्यावर आला का, हे मी बघायची, पुन्हा बघायची आणि वर सरांना विचारायची, "हवा पूर्ण गेली ना?" पोरं हसायची. "गेली अक्का, टाटा करून गेली." मीही हसायची, पण हात गार पडलेले असायचे.

सर मात्र हसत नसत. सर इथलेच, म्हैसूरचे. माणूस हुशार, शिस्तीचा आणि मितभाषी. एका कारखान्याला नवीन ऑटोमॅटिक लाइनसाठी माणसं हवी होती आणि सर आमच्या बॅचमधून दोन नावं पाठवणार होते. त्यातलं एक माझं असावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. दुसरीकडे कुठं मला कोणी दारात उभं करत नव्हतं, हे मला पुरतं कळून चुकलं होतं. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी धीर करून विचारलं, "सर, माझं नाव?" सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, काम येतं तुम्हाला. पण भय जास्ती. लाइनवर उभं राहून प्रत्येक गोष्ट तीनदा बघत बसलात तर उत्पादन कोण काढणार? पूजा होऊ दे, मग सांगतो."

भय जास्ती! अहो, मग काय करू, कापून टाकू? बसमध्ये बसून मी त्यांना मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली, तोंडावर एकही दिलं नव्हतं. रात्री नवरा म्हणाला, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय." त्याच्याशी बोलले नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटी, पुस्तकं, विळी, पाना एवढ्यांना हळदकुंकू लागलं की झालं. इथली आयुधपूजा म्हणजे थाट. मेटगळ्ळीत प्रत्येक गेटवर केळीचे खुंट, रिक्षांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, आणि कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांचा रस्त्यावर नुसता चिखल. आमच्या सेंटरमध्येही सकाळपासून झाडलोट, पुसापुशी चालली होती. पोरांची जीभ एकीकडे आणि हात एकीकडे, दसऱ्याच्या रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर होणाऱ्या मशाल-कवायतीचे पास कोणाकडे आहेत याचीच चर्चा. माझं लक्ष कशातच नव्हतं. पूजा झाली की सर सांगणार, एवढंच डोक्यात.

सेंटरच्या मधोमध हवेवर चालणारा एक प्रेस आहे. चार खांब, खाली ओटा, आणि वरून खाली येणारी जाडजूड लोखंडी प्लेट. काम संपलं की ती प्लेट ओट्यावर उतरवून ठेवायची, हा रोजचा नियम. पण पोरांना त्या चार खांबांत देव्हारा दिसला. खरं सांगायचं तर मलाही दिसला. प्लेट पार वर नेली, ओट्यावर रेशमी कापड घातलं, चामुंडी देवीचा फोटो ठेवला, पुढं नारळाचा कलश. खांबांना केळीचे खुंट. मग सरांनी स्वतः मुख्य कॉक बंद केला. काटा शून्यावर आला. "आज मशीनला सुट्टी," ते म्हणाले. इथला रिवाजच तो, आयुधपूजेला यंत्राने काम करायचं नाही, नुसतं पूजा करून घ्यायची.

हवा गेली तसे बाकीच्या टेबलांवरचे उभे सिलिंडर, म्हणजे हवेवर दांडा वर उचलणारी नळकांडी, एकेक करून फुस्स करत खाली बसले. पूजा सुरू झाली. सरांच्या पत्नी आल्या होत्या, मोतिया रंगाची म्हैसूर सिल्क नेसून, हातात आरतीचं ताट. हसऱ्या, गोड बाई. घंटा वाजायला लागली आणि माझी नजर वर गेली. प्लेट वरच होती.

आता गं बाई! हवा बंद, काटा शून्यावर, सगळे सिलिंडर खाली बसलेत आणि ही एवढी वजनदार प्लेट अजून वर कशी? मग आठवलं. त्या प्रेसच्या सिलिंडरवर एक जादा वाल्व्ह आहे. चालू कामात नळी फुटली तर प्लेट दाणकन खाली येऊ नये म्हणून तो आतली हवा कोंडून धरतो. मुख्य कॉक बंद केला तरी ती कोंडलेली हवा आतच राहते, आणि काट्यावर ती दिसत नाही. वाल्व्हच्या बाजूला एक छोटी पिन असते, ती दाबली की हवा सुटते. आणि त्याच पिनवरून झेंडूची माळ गेली होती. दोघं पोरं ती माळ ताणून ताणून सरळ करत होती, मोबाइलमध्ये फोटो चांगला यावा म्हणून.

बाई कुंकवाचं बोट घेऊन पुढं वाकल्या. फोटो आत खोल होता. कोपरापर्यंत हात आत गेला.

मला अजून आठवतं, त्या वेळी माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं. बाईंचा हात नाही आला. आलं ते हे, की माझं चुकत असेल तर? सर एवढे जाणकार, त्यांनी स्वतः कॉक बंद केलाय. ऐन पूजेत मी ओरडले आणि काहीच झालं नाही, तर माझ्या नावावर कायमची फुली. भय जास्ती, बघा, म्हटलं नव्हतं? आणि माळ पुन्हा ताणली गेली.

मी ओरडलेच नाही. ओरडायला आवाजच फुटला नाही. पुढं झाले, बाईंचं मनगट धरलं आणि सगळ्या ताकदीनिशी मागं ओढलं. ताट उडालं. निरांजन विझलं, कुंकू फरशीवर सांडलं, अक्षता चहूकडे. घंटा थांबली.

आरती विझवली! तीही सरांच्या बायकोच्या हातातली, आयुधपूजेच्या दिवशी. पोरांची तोंडं उतरली. सर लालबुंद झाले होते. "एनू इल्ला," ते म्हणाले, "त्यात काही नाहीये! काटा बघा, शून्य!" मी बोट वर केलं. "सर, मग प्लेट वर कशी?" एवढंच कसंबसं बोलले, तेही मराठीत. मग कानडीत पुन्हा बोलले.

सरांनी स्क्रूड्रायव्हर मागवला. दाखवूनच देतो अशा आवेशात बाजूला गेले, मग थांबले, परत आले आणि चामुंडीचा फोटो तेवढा लांब पट्टीनं ओढून बाहेर काढला. तिथंच मला कळलं की त्यांनाही शंका आली आहे. सगळ्यांना लांब उभं केलं, स्वतः बाजूला राहून पिन दाबली.

धाड्! जमीन हादरली. नारळाचा भुगा झाला, तांब्याचा कलश भाकरीसारखा चपटा. रेशमी कापडातून पाणी ठिबकत होतं.

बाई आपल्या बांगड्यांवरून हात फिरवत राहिल्या, एकेक बांगडी चाचपत. मला वाटलं होतं की मी बरोबर ठरले तर बरं वाटेल. कसलं बरं! मी भिंतीला टेकून खाली बसले आणि पोरांसमोर घळाघळा रडले.

पूजा अर्धवट टाकायची नसते. बाईंनी पदर खोचला, फरशीवरचं स्वच्छ कुंकू बोटांनी गोळा केलं, निरांजन पुन्हा लावलं. मी उठले. हवा पुन्हा चालू करून प्लेट वर न्यायला मदत केली, आणि या वेळी तिच्याखाली चार कोपऱ्यांना लाकडाचे जाड ठोकळे उभे करून प्लेट त्यांच्यावर टेकवली. मग हवा बंद केली, पिन दाबून आतली हवाही सोडली. प्लेट जागची हलली नाही. फोटो पुन्हा आत गेला.

बाई ताट घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी त्यांचा नवरा उभा होता, एवढ्या सेंटरचा सर. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "ईग कै हाक्ला?" आता हात घालू का?

"घाला," मी म्हणाले. हात आत जाऊन बाहेर येईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

मग पोरं आली, नमस्कार करून गेली. सगळ्यात शेवटी सर. ते ओट्यापाशी वाकले, हात पुढं केला आणि मध्येच थांबले. खालमानेनंच म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव मी पाठवणार नव्हतो." त्यांची नजर ठोकळ्यांवर होती. "आता पाठवतो. कारखान्यातल्या लोकांना काय सांगायचं ते माझं मी बघतो."

हात अजून तसाच पुढं धरलेला होता. त्यांनी मान वर केली.

"घालू?" त्यांनी विचारलं.