कप्तानाची ओंजळ

आमच्या तळोद्याच्या हुतूतू संघाचे ते पहिले भिल्ल कप्तान. आता गुडघा गेला म्हणून शिकवतात. मैदान आमच्या ओट्यासमोरच आहे, त्यामुळे धान्य निवडताना मला सगळं ऐकू येतं. धापा टाकणाऱ्याला ते म्हणतात, "दम तोंडमा नही रे, डोकामा ठेव."

मैदानात त्यांना धरायला सगळे अंगावर पडत. पण पाण्याला आले की ते अजून ओट्याखाली ओंजळ धरतात आणि मी वरून ओतते. तशी रीतच आहे.

काल त्यांनी डोंगरातल्या एका पावरा आदिवासी गड्याला कप्तान केलं. शेजारचे काका हसले, "धावाले बरा शे तो, पन डोकं आपलं लागस."

"मन्ह्या येळेलेबी तुम्ही हाईच बोलनात. मंग जिकनूत ना आपन?" ते म्हणाले.

मग ते आणि तो गडी पाण्याला आले. गड्यानं ओंजळ पुढे केली, तर त्यांनी त्याचे हात खाली केले. "कप्तान शे ना तू? तांब्या मांग."

काका पाहत होते. मी घाबरतच ओट्यावरून उतरले आणि तांब्या त्याच्या हातात दिला. तो प्यायला आणि त्यानं तांब्या जुन्या कप्तानांपुढे धरला.

पण त्यांची ओंजळ सवयीनं आधीच पुढे आली होती.