कोंबडीवर एकही जंतू नव्हता

प्लेट कोरी होती. मी ती उजेडाकडे धरून तिरकी करून पाहिली. दुसरी उचलली. तीही कोरी. पिण्याच्या पाण्याची असती तर मी आनंदाने सही केली असती. पण हे कच्च्या कोंबडीचं सँपल होतं आणि कच्च्या कोंबडीवर थोडेफार जंतू असतातच.

जालना एमआयडीसीतल्या एका खासगी फूड लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. कच्च्या मांसावर आम्ही मुख्यतः साल्मोनेला शोधतो. हा जंतू पोटात गेला की जुलाब, उलट्या, ताप. जुन्या पद्धतीने तो शोधायला चार-पाच दिवस लागतात. तोवर कोंबडी खाऊन झालेली असते. म्हणून आता रॅपिड टेस्ट करतात. सँपलमध्ये जंतूंना वाढायला पोषक पाणी घालायचं, रात्रभर उबेत ठेवायचं. एकाचे लाखो होतात. मग मशीन त्यांची ओळख पटवतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर हातात. सोबत साध्या प्लेटवर इतर सगळे जंतू वाढवून, उठलेले ठिपके मोजतो. कोरी आली होती ती हीच प्लेट.

सँपल ज्ञानोबा कोळेकरांच्या युनिटचं होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ज्ञानोबाभाऊंनी अंबड रोडला कोंबड्या साफ करून पुरवण्याचं युनिट टाकलं होतं. हॉटेलं आणि मुलींच्या एका मोठ्या हॉस्टेलची मेस हे त्यांचं गिऱ्हाईक. आमच्या पिशव्यांत सँपल तेच भरून पाठवायचे. मी मागच्या सहा महिन्यांचे रिपोर्ट काढले. प्रत्येकात साल्मोनेला नाही आणि मोजणी जवळजवळ शून्य. खाली सही माझीच.

त्या दिवशी आलेली नवी पिशवी मी उघडली आणि वास घेतला. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकलेल्या पाण्याचा वास. मी सँपलचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसऱ्यात लॅबमध्ये जपून ठेवलेला साल्मोनेला मुद्दाम टाकला.

दुसऱ्या दिवशी मशीनने दोन्हींना 'नाही' म्हटलं. ज्यात मी स्वतःच्या हाताने जंतू टाकले होते, त्यालाही.

मी तशीच पाठक सरांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे लॅब मॅनेजर.

"सर, पिशवीत क्लोरीन येतंय. टेस्ट सुरू व्हायच्या आधीच जंतू मरतात."

"म्हणजे आजवरचे रिपोर्ट?"

"त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही."

सरांनी टेबलावरच्या एका रिपोर्टवर बोट ठेवलं. "सँपल क्लायंटने आणलं. आपण आणलेल्या सँपलचा रिपोर्ट देतो. खाली छापलेलं असतं तसं."

"मेसमध्ये जेवणाऱ्या मुली ते छापलेलं वाचत नाहीत, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गाडी घेऊन जा. स्वतः सँपल घे."

युनिटवर पोचले तेव्हा काम जोरात चालू होतं. सुपरवायझर सुनीताबाई तिथलं सगळं बघायच्या. मी त्यांना म्हटलं, "नेहमी घेता तसं सँपल घेऊन दाखवा."

त्यांनी धुण्याच्या टबातून कोंबडी उचलली आणि निथळायच्या आत कातडीचा तुकडा पिशवीत टाकला. टबात क्लोरीनचं पाणी होतं.

"इथूनच का घेता?"

"तपासायला पाठवायची म्हनल्यावर धुतलेलीच पाठवावी ना, मॅडम? घान कशी पाठवू?"

त्यांच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. सँपल कुठून घ्यायचं, हे आमच्यापैकी कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

माझ्या पिशव्यांत या वेळी क्लोरीनचा असर घालवणारं रसायन घातलेलं होतं. मी टबातल्या कोंबडीचं सँपल घेतलं, निथळलेल्या कोंबडीचं घेतलं आणि क्रेटमध्ये भरलेल्या मालाचंही घेतलं. मग ज्ञानोबाभाऊंना बाजूला बोलावलं.

"भाऊ, आजचा माल थांबवा. उद्या दुपारी सांगते."

"उद्या सकाळी हॉस्टेलला द्यायचाय ना, ताई. खराबी निघालीय का?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई तर मंग थांबवू कशाला? सहा महिने तुम्हीच बराबर म्हनून राह्यल्या."

"तेच चुकलं. त्या रिपोर्टांना काही अर्थ नव्हता."

"शिजवल्यावर जंतू मरतेतच की."

"मरतात. पण ज्या पाटावर कच्ची कोंबडी कापली, त्याच पाटावर काकडी चिरली तर? काकडी कुणी शिजवत नाही."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग हॉटेलांना कळवायला सुनीताबाईंना सांगितलं आणि स्वतः मेसला फोन लावला. "उद्या कोंबडी न्हाई जमत. अंडी देतो. न्हाई, माल हाये, पन मीच देत न्हाई." फोन ठेवून ते मला म्हणाले, "निघालं न्हाई तर तुमच्या सरांशी भांडायला येईन बघा."

खरं सांगायचं तर, काहीच निघू नये असं मला परतताना वाटत होतं. आणि काही निघालं नाही तर तोंड कसं दाखवायचं, असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टबातली कोंबडी निगेटिव्ह आली. निथळलेलीही निगेटिव्ह. क्रेटमधली पॉझिटिव्ह. म्हणजे धुणं ठीक होतं, गडबड त्यानंतर होती. मी परत गेले. मागच्या दाराशी निळे क्रेट नुसत्या पाण्याने धुणं चाललं होतं. फार्मवरून जिवंत कोंबड्या ज्यांतून यायच्या, त्यांतलेच काही साफ माल भरायला आत जात होते. सगळे एकाच रंगाचे. कोणता कुठला, कुणालाच सांगता येईना.

ज्ञानोबाभाऊंनी अडवलेला माल माझ्यासमोर खड्ड्यात पुरून टाकला. आठवड्यात जिवंत कोंबड्यांसाठी लाल क्रेट आले. सुनीताबाईंनी दारावर पाटी लावली : 'लाल आत आणू नये'. पुढची सँपल्स मी स्वतः घेतली. क्रेटमधली तीन वेळा निगेटिव्ह आली, तेव्हा मेसचा आणि हॉटेलांचा पुरवठा परत सुरू झाला.

जुने रिपोर्ट ग्राह्य धरू नयेत, असं पत्र पाठक सरांनी लॅबच्या नावाने दिलं. मजकूर मी लिहिला. सरांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. मेसमध्ये कुणी आजारी पडल्याचं आमच्या कानावर आलं नाही. त्याचं श्रेय ना आमचं, ना मशीनचं. बहुधा नीट शिजवणाऱ्या आणि पाट वेगळे ठेवणाऱ्या तिथल्या स्वयंपाकीणबाईंचं.

नवीन रिपोर्टात मोजणीचे आकडे दिसायला लागले तेव्हा ज्ञानोबाभाऊंचा फोन आला. "ताई, पहिले शून्य यायचं. आता जंतू कसे दिसून राह्यले?"

"आता खरे दिसतात, भाऊ."

मशीन महाग आहे, वेगवान आहे आणि पिशवीत जे जातं त्याचंच उत्तर देतं. सँपल कुणी, कुठून आणि कसं घेतलं, हे विचारायचं काम माणसाचं. ते मी सहा महिने केलं नव्हतं.