गनीचाचाच्या मशीनची घूं

डोणगावच्या बसस्टँडसमोर मोटर वायंडिंगची तीन दुकानं आहेत, पण विहिरीवरची मोटर जळली की माणूस ती मोटरसायकलवर बांधून सरळ गनीचाचाकडे येतो. अब्दुल गनी, वय अठ्ठावन्न. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. मोटर खाली उतरायच्या आधीच त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"अर्थिंगले पाणी पाजलं का?"

म्हणजे मीटरच्या पेटीजवळ जी लोखंडी सळई जमिनीत गाडलेली असते, तिच्या बुडाशी बादलीभर पाणी टाकलं का? जमीन कोरडी असली की चुकलेल्या करंटला जायला वाट राहत नाही. माणूस म्हणतो, राह्यलं चाचा. मग चाचा मान इतकी हळू हलवतात की वाटावं, मोटर नाही, माणूसच जळालाय.

समोरचं कृषी सेवा केंद्र आमचं. म्हणजे पप्पांचं. मी शाळा सुटल्यावर गल्ल्यामागं बसते आणि दोन्ही दुकानांची भाषा ऐकते. पप्पा जूनमध्ये वेगळ्याच आवाजात बोलतात. गिऱ्हाईक बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट मागतं तेव्हा ते आधी डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि कानात सांगतात, "आहे. पण तुमच्यासाठीच आहे, काका." असे "तुमच्यासाठीच" दिवसातून साठ काका होतात. वर चालू वाणासोबत न खपणारी सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडीही घ्यावीच लागते. तिला लिंकिंग म्हणतात.

पण गोष्ट चाचांची आहे.

चाचा दिवसभर दुसऱ्यांच्या मोटरींत तार भरतात आणि घरी स्वतःचं मशीन वाजवतात. मशीन म्हणजे त्यांनी स्वतः बांधलेला ॲम्प्लिफायर, लोखंडी पाटीवर जोडून सागवानी पेटीत बसवलेला. शेजारी रेकॉर्ड फिरवायची तबकडी, आणि दोन स्पीकर ज्यांवर हुस्नबानो चाची वाळवणाचे ताट ठेवतात. विजेची तार तेवढी जुनी, इस्त्रीची काढून लावलेली. आवाज काय सांगावा, लग्नातल्या लाऊडस्पीकरसारखा फाटका नाही, भरलेल्या गाडग्यातून यावा तसा. फक्त गाण्याच्या खाली सतत एक आवाज चालू. घूंऽऽऽ. मला तो हुबेहूब काढता येतो. ओठ मिटायचे, दात किंचित उघडायचे आणि कंटाळलेल्या भुंग्याची आठवण काढायची.

चाचांना वीस वर्षांत त्या घूंची सवय झाली होती. पण मे संपताना साखरखेर्ड्याचे तुळशीराम गुरुजी आले आणि सवय मोडली.

गुरुजी निवृत्त शिक्षक, दहा एकर कापूस, आणि दोन लोखंडी पेट्या भरून रेकॉर्डी. नाट्यपदं, कव्वाल्या, लावण्या, सनई. तिकडच्या भागात असा साठा दुसरा नाही. आता त्यांचे हात थरथरतात. तबकडीवर सुई ठेवायला गेलं की चर्रकन ओरखडा उठतो. त्यांनी चाचांच्या घरी बसून एक बाजू ऐकली आणि शाळेतल्यासारखे एकेक शब्द तोडून बोलले.

"गनी. मला या पेट्या द्यायच्या आहेत. तुलाच द्यायच्या आहेत. पण हे मशीन गुणगुणते बाबा. माझ्या सनईखाली भुंगा मी नाही ठेवणार. पुढच्या रविवारी येतो. भुंगा गेला असेल तर दोन्ही पेट्या तुझ्या. नाही गेला, तर अकोल्याचा एक माणूस सोमवारी न्यायला येऊन राह्यला. त्याले मी हो म्हटलंय."

चाचा त्या दिवसापासून नव्या तारेच्या मागं लागले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की घूं येते ती बारीक, स्वस्त पॉवर कॉर्डमुळं, म्हणजे मशीनला वीज आणणाऱ्या तारेमुळं. भारीतली कॉर्ड लावली की आवाज काचेसारखा. चाचांना ते पटलं. पटणारच. ज्या माणसानं जन्मभर तांब्याची जाडी मोजली, त्याला जाड तारेनं सगळं सुटतं असंच वाटणार.

सोमवारी ते रस्ता ओलांडून आमच्याकडेच आले. पप्पा पाइप, बल्ब, वायरही ठेवतात.

"शेखर, चांगली कॉर्ड आहे का बे? मशीनले लावाची."

पप्पांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. "आहे, गनीभाई. पण तुमच्यासाठीच आहे." खालून सोनेरी खोका काढला. "ओरिजिनल. हा होलोग्राम पाहा. तिरपा धरा, तिरपा. चमकला ना?"

चाचांनी होलोग्राम पाहिलाच नाही. खिशातून तारेची जाडी मोजायचा गेज काढला, टोकाचं रबर नखानं सोललं आणि एक तार मोजून खरवडली. "लोखंड आहे हे. वरून तांब्याचं पाणी दिलं."

"गनीभाई, ऐकाले भारी आहे ना!"

"वायर ऐकाले भारी?"

"आणि सोबत ही पुडी घ्यावी लागते." सवय हो. पप्पांचा हात आपोआप सूक्ष्म अन्नद्रव्याच्या पुडीवर गेला होता.

"मी कॉर्डले खत टाकू काय?" चाचा ओरडले आणि गेले. पप्पा दिवसभर म्हणत होते, "माणूस चिडका आहे. मार्केटिंग समजत नाही त्याले."

मंगळवारी पुतण्या आसिमचा संभाजीनगरहून फोन. त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला होता. अजगरासारखी विणलेली कॉर्ड, चौदा हजार. चाचांनी फोटो चाचींना दाखवला. चाची भांडी घासत होत्या. त्यांनी राख लागलेल्या हातांनी मोबाइल लांब धरला.

"इतनी मोटी? भैंस बांधनी है क्या?"

"अगं, आवाज साफ येतो म्हणतात."

"चौदह हजार में तो भैंस भी आ जाएगी. आधी भैंस." आणि पुन्हा भांड्याकडे वळल्या.

बुधवारी चाचांनी दुकान बंद ठेवलं आणि मलकापूरची एसटी धरली. हे जूनमध्ये करणं म्हणजे लग्नात नवऱ्यानं उठून जाणं. ओट्यावर चार मोटरी पडून, शेतकरी उभे, आणि चाचा गायब. मलकापुरात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना माल देणारी मोठी इलेक्ट्रिकची दुकानं आहेत. परत आल्यावर चाचांनी तिथला दुकानदार करून दाखवला. नक्कल त्यांनाही बरी जमते, राग आला की.

"म्हणे, 'कौनसे सिस्टम के लिए, अंकल? होम थेटर? ब्रँड क्या है?' मी म्हटलं, ब्रँड गनी. तो हसला. मी गेज काढला तर म्हणे, 'अंकल, माल को हात मत लगाओ.' अरे! कॉर्डले हात नाही लावाचा तर काय तोंड लावाचं?"

तीन दुकानांत हेच. एकात सगळं पाण्याचं तांबं, एकात तार चांगली पण किंमत अशी की दुकानदारच सांगताना लाजला. शेवटी स्टेशनजवळच्या भंगारात कॉर्ड सापडली. मागच्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, जिनिंगा वेळेआधीच बंद पडल्या, आणि त्यातल्याच एकीच्या ऑफिसातलं यंत्र मोडीत आलं होतं. त्याची तार बोटाएवढी. आत अस्सल तांबं, तिन्ही तारा सारख्या. टोकाला साच्यात ओतलेला तीन पिनांचा काळा प्लग. भंगारवाल्यानं वजनावर दिली. चाचा पिशवी पोटाशी धरून आले. एवढे खूश मी त्यांना ईदलाच पाहिलं असेल.

गुरुवारी सकाळी ते ती कॉर्ड घेऊन बाकड्यावर बसले. मी ओट्यावरून बघत होते. त्यांनी प्लग शिकंज्यात धरला, हेक्सा ब्लेड घेतलं आणि वरची जाडी पितळी पिन करवतून काढली. टण्ण. पिन बिस्किटाच्या डब्यात.

त्या डब्यात शेकडो पिना आहेत. कारण आमच्याकडे घरोघरी बोर्डाला दोनच भोकं असतात. कूलर, फ्रिज, टेबलफॅन, काही आणलं की माणूस आधी गनीचाचाकडे येतो. "चाचा, तिसरी कापून द्या." चाचा बोलता बोलता कापतात. पैसे घेत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, मोटरीच्या अर्थिंगसाठी एवढं ओरडता आणि पंख्याची अर्थिंगची पिन कापता? म्हणाले, "मोटर पाण्यात असते, माणूस मारते. पंखा कोणाले मारून राह्यला?" म्हणून गुरुवारी कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. पिन कापणं म्हणजे नखं कापणं.

कॉर्ड लागली. बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

चाचांनी प्लग आणखी आत दाबला. मग भंगारवाल्याला शिव्या. मग आतलं तांबं पुन्हा मोजलं. तांबं खरं. मग प्लग उलटा करून लावला, सुलटा करून लावला. शुक्रवारी आतले दोन कंडेन्सर बदलले. घूं. शनिवारी ट्रान्सफॉर्मर वेगळ्या कोनात बसवला, फ्रिज बंद केला, शेजाऱ्याचा फ्रिज बंद करायला लावला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "माझं दूध नासलं तर गाण्यात टाकू काय, भाऊ?" घूं तशीच. मध्येच एकदा चाचांचा हात मशीनच्या लोखंडी पाटीला टेकला आणि घूं जराशी दबली. हात काढला, पुन्हा मोठी. "काय वैताग आहे!" म्हणाले आणि पाटीवर ठोसा मारला. तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. मोटरवाल्या माणसाला तर नक्कीच. पण रागावलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

रविवारी गुरुजी आले, कापडी पिशवीत एकच रेकॉर्ड घेऊन. सनईची. मी चहाचे कप घेऊन मुद्दाम दारात थांबले.

सुई टेकायच्या आधीच घूं आली. गुरुजींनी डोळे मिटले. चाचा फुटले.

"गुरुजी, सगळे चोर आहेत! शेखर चोर, मलकापूरचे चोर, तांबंच चोर! एवढी जाड तार आणली, काय फायदा? काऊन जात नाही हे?"

गुरुजी सावकाश वाकले. थरथरत्या हातानं प्लग बोर्डातून ओढला आणि चष्म्याजवळ नेला.

"गनी, याची तिसरी पिन कुठं आहे?"

"ते... कापली."

"काऊन?"

"सगळेच कापतात, गुरुजी."

गुरुजी हसले नाहीत. "बीटीच्या पाकिटात एक बारकं पाकीट असते. साध्या कापसाचं. बांधाच्या कडेनं लावाचं असते, म्हणजे अळी बीटीले सरावत नाही. मीही दरसाल फेकून दिलं. सगळेच फेकतात. मागच्या साली बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या." त्यांनी प्लग चाचांच्या हातात ठेवला. "मी तुले काय सांगू?"

चाचा बोर्डाकडे गेले. स्क्रू काढले. बोर्डात तिसऱ्या पिनेचं भोक नव्हतंच, आणि मागं तिसरी तारही नव्हती. बोर्ड त्यांनीच बसवला होता, चोवीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या वेळी. दुकानातून ते जळक्या मोटरची तार आणि एक सळई घेऊन आले. मशीनच्या पाटीला तार बांधली, खिडकीतून बाहेर काढली, न्हाणीच्या मागं सळई ठोकली. जमीन दगडासारखी. सळई जेमतेम हातभर गेली. चाची भांड्यांचं पाणी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी बादली ओतली आणि चाचांकडे न बघता विचारलं,

"अर्थिंगले पाणी पाजलं का?"

मी हसले. मीच एकटी.

बटण दाबलं. घूं अर्धी झाली. खरंच अर्धी. भुंगा खोलीतून अंगणात गेल्यासारखा. पण होता. चाचांनी आणखी दोन बादल्या ओतल्या. माती वरून भिजली, पाणी बाजूनं वाहून गेलं. गुरुजींनी सनईची पूर्ण बाजू ऐकली. शेवटी उठले.

"अर्धा भुंगा गेला. एक पेटी तुझी. कोणती, ते तू ठरव. दुसरीसाठी मी शब्द देऊन बसलो."

"गुरुजी, दोन दिवस द्या. माती भिजू द्या."

"शब्द सोमवारचा आहे, गनी."

चाचांनी कव्वाल्यांची पेटी घेतली. सनईची सोमवारी दुपारी अकोल्याला गेली.

चाची मात्र रोज भांड्याचं पाणी त्या सळईवरच टाकत राहिल्या. मंगळवारी संध्याकाळी चाचांनी बटण दाबलं आणि पुन्हा दाबलं. त्यांना वाटलं लाइट गेली. लाइट होती. घूं नव्हती. काही म्हणजे काहीच नव्हतं. चाची पापड उचलत होत्या, तोही आवाज ऐकू येत होता. चाचा स्पीकरला कान लावून बसले, आणि मग उठून दुकानात गेले. मशीन तसंच चालू, मुकं.

त्या दिवसापासून ते कोणाची पिन कापत नाहीत. माणूस नवा कूलर घेऊन येतो, म्हणतो, "चाचा, तिसरी कापून द्या." चाचा सांगतात, बोर्ड बदल, तिसरी तार ओढ, सळई गाड, रोज पाणी पाज. माणूस ऐकून घेतो, हो हो म्हणतो आणि रस्ता ओलांडतो.

इकडं पप्पांनी गल्ल्याशेजारी हेक्सा ब्लेड आणून ठेवलंय. डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात.

"कापून देतो, काका. पण सोबत ही पुडी घ्यावी लागेल."

टण्ण झालं की समोरच्या दुकानात चाचा हातातली मोटर खाली ठेवतात.